माणूस कशाने मोजायचा?

एनडीएच्या लेखी परीक्षेचा निकाल लागला की दरवर्षी माझ्या फोनवर गावाकडचे नंबर दिसू लागतात. कुणाचा भाचा, कुणाच्या शेजाऱ्याचा मुलगा, कुणाच्या मित्राचा पुतण्या. प्रश्न एकच : "सर, एसएसबीत नेमकं काय बघतात?" महिन्या-दोन महिन्यांनी त्यातल्याच काही नंबरांवरून पुन्हा फोन येतो. या वेळी आवाज बहुतेक वडिलांचा असतो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खरा प्रश्न अर्धवटच बाहेर पडतो : "म्हणजे आमच्या पोरात काही कमी आहे का हो?"

पहिल्या प्रश्नाची उत्तरं विकणारे क्लास आता गावोगावी झाले आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागतो. माणसामाणसांतला फरक मोजायला कुणी सुरुवात केली, फौज त्यात कशी आली आणि ही मोजपट्टी कुठे कुठे चुकली, हे कळलं तरच निकालाच्या त्या कागदाची खरी किंमत कळते. म्हणून हा लेख.

आठ दशांश सेकंद

सुरुवात एका वेधशाळेत झाली. ग्रीनिचच्या वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन याच्या हाताखाली डेव्हिड किनब्रुक नावाचा सहायक होता. घड्याळाचे ठोके ऐकत, दुर्बिणीतल्या बारीक तारेवरून एखादा तारा नेमका कधी सरकला तो क्षण टिपायचा, हे त्याचं काम. १७९५ मध्ये मॅस्केलिनच्या लक्षात आलं की किनब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा अर्ध्या सेकंदाने उशिरा पडतात. त्याने समज दिली. पण १७९६ च्या सुरुवातीला हा फरक आठ दशांश सेकंदांवर गेला आणि किनब्रुकची नोकरी गेली.

पुढे साधारण दोन दशकांनी कोनिग्जबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ही हकीकत वाचली आणि त्याला शंका आली. त्याने स्वतःच्या नोंदी इतर निष्णात खगोलशास्त्रज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तिथेही फरक निघाला, आणि तो त्या दोघांपुरता बराचसा कायम राहणारा होता. कुणी आळशी नव्हतं, कुणी बेफिकीर नव्हतं. प्रत्येकाचे डोळे, कान आणि मेंदू यांची सांगड वेगळी होती, एवढंच. खगोलशास्त्रज्ञ याला 'वैयक्तिक समीकरण' म्हणू लागले. जी गोष्ट कसूर समजून एकाला घरी बसवलं, ती माणसाचा स्वभावधर्म निघाली.

ज्याने कधी रेंजवर जवानांचं फायरिंग घेतलं आहे त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. रायफल 'झीरो' करतात ती त्या रायफलची आणि त्या जवानाची जोडी धरून. तीच रायफल दुसऱ्याच्या हातात द्या, गोळ्यांचा ग्रुप सरकतो. दोघेही चांगले फायरर असू शकतात. साइट ज्याची त्याने लावून घ्यायची.

तीन पेन्स आणि एक माजी अधिकारी

माणसांतले फरक मुद्दाम, मोठ्या प्रमाणावर मोजले ते फ्रान्सिस गाल्टनने. हा चार्ल्स डार्विनचा सावत्र नात्याने आतेभाऊ. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात त्याने एक प्रयोगशाळा मांडली. तीन पेन्स द्यायचे आणि आत जाऊन उंची, वजन, मुठीची ताकद, फुंकरीचा जोर, नजर, ऐकू येण्याची मर्यादा हे सगळं मोजून घ्यायचं. नऊ हजारांहून अधिक लोकांनी पैसे देऊन स्वतःला मोजून घेतलं. एक माप वाढलं की दुसरं किती वाढतं हे आकड्यात सांगणारी सहसंबंधाची कल्पना गाल्टननेच पुढे आणली. पण त्याची दुसरी देणगीही विसरून चालणार नाही. 'चांगल्या वंशाची' पैदास वाढवावी या विचाराला 'युजेनिक्स' हे नाव १८८३ मध्ये त्यानेच दिलं. मोजमाप आणि हा अहंकार, दोन्ही एकाच घरात जन्मले.

गाल्टनचं सूत्र पुढे नेणारा माणूस आपल्याच पेशातला होता. चार्ल्स स्पिअरमन ब्रिटिश फौजेत अधिकारी होता, ब्रह्मदेशात लढला होता. १८९७ मध्ये, वयाच्या चौतिशीत, त्याने राजीनामा दिला आणि लाइपझिगला विद्यार्थी म्हणून बाकावर जाऊन बसला. १९०४ मध्ये त्याने दाखवलं की एका विषयात पुढे असलेली मुलं बहुधा दुसऱ्यातही पुढे असतात. यामागे कुठलीतरी एक सामान्य बौद्धिक क्षमता असावी, असं त्याने मांडलं. फौजेतली वर्षं वाया गेली याची त्याला पुढे फार हळहळ वाटे. मला मात्र नेहमी वाटतं की माणसांचा एवढा नमुना त्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळाला असता?

बिनेची साधी गरज

त्याच सुमारास पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने वेगळ्याच कामात होता. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत देण्यासाठी फ्रेंच सरकारने १९०४ मध्ये समिती नेमली होती. अशी मुलं ओळखायची कशी? गुरुजींच्या मतावर सोडलं तर दंगेखोर मूलही मंद ठरतं. १९०५ मध्ये बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस प्रश्नांची चाचणी तयार केली. वय वाढेल तशी मुलं पुढचे प्रश्न सोडवतात, म्हणून मुलाचं 'मानसिक वय' काढता येतं, ही त्यामागची कल्पना.

बिनेचा हेतू नीट लक्षात घ्या. मूल शोधायचं ते मदत करण्यासाठी. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारा आकडा, हे त्याला मान्य नव्हतं. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने सरावाचे खास पाठही सुचवले होते. तो १९११ मध्ये गेला. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली आणि बुद्ध्यंक जन्माला आला. १९१६ मध्ये लुईस टर्मनने अमेरिकेत बिनेची चाचणी सुधारून बसवली, तीच स्टॅनफर्ड-बिने.

आपल्याकडेही ही चाचणी आली. १९३० च्या दशकात धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांवर ती घेऊन इथल्या मुलांसाठी बसवली. आजही 'बिने-कामत' या नावाने आपल्याकडचे मानसशास्त्रज्ञ ती ओळखतात. पॅरिसच्या मुलाची पट्टी धारवाडच्या मुलाला जशीच्या तशी लावायची नसते, हे कामतांनी ओळखलं होतं. अमेरिकेच्या फौजेने मात्र तसं केलं नाही.

सतरा लाख शिपाई, एक टेनिसचं नेट

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो माणसं भरती होणार, त्यांतून अधिकारी कोण, कारकून कोण, कोण कुठल्याच कामाचा नाही, हे ठरवायचं होतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्सने चाचण्या तयार करवल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'आर्मी अल्फा', निरक्षर किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा'. सुमारे सतरा लाख माणसांनी त्या दिल्या. पहिल्यांदाच माणसं एकेक करून न तपासता खोलीभर बसवून, घड्याळ लावून मोजली गेली.

आता प्रश्न बघा. अल्फामध्ये विचारलं होतं की क्रिस्को म्हणजे काय : औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कोण, याचं उत्तर होतं बेसबॉल खेळाडू. बीटामध्ये अर्धवट चित्रं पुरी करायची होती. एकात टेनिस कोर्टावर नेट नव्हतं, एकात ग्रामोफोनला कर्णा नव्हता. सिसिलीच्या खेड्यातून बोटीने आलेल्या, आयुष्यात पेन्सिल न धरलेल्या माणसाने टेनिसचं नेट कुठे बघितलं असणार? यर्क्सच्या अहवालात निष्कर्ष निघाला की गोऱ्या अमेरिकन शिपायाचं सरासरी मानसिक वय तेरा वर्षांचं आहे. या आकड्यावरून मोजपट्टीबद्दल शंका यायला हवी होती. लोकांनी देशाच्या बुद्धीबद्दल काळजी करायला घेतली.

कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये हेच आकडे घेऊन पुस्तक लिहिलं आणि युरोपातल्या कुठल्या वंशाची बुद्धी वरची, कुठल्याची खालची, याची उतरंड लावली. आकडेवारीतच एक ठळक गोष्ट होती : परदेशातून आलेली माणसं अमेरिकेत जितकी जास्त वर्षं राहिली, तितके त्यांचे गुण चढत गेले होते. सरळ अर्थ असा की चाचणी अमेरिकेची ओळख मोजत होती. ब्रिगमने अर्थ काढला की नंतर येणारे लोक हलक्या प्रतीचे आहेत. याच आकड्यांमध्ये उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या कृष्णवर्णीय शिपायांचे गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्या शिपायांपेक्षा वरचे होते. शाळा कुठे बऱ्या होत्या याचं ते उत्तर होतं. १९२४ मध्ये अमेरिकेने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ बंद करणारा कायदा केला, तो याच हवेत. १९३० मध्ये ब्रिगमने स्वतःचे निष्कर्ष चुकीचे होते असं जाहीरपणे लिहिलं. कायदा मात्र तसाच राहिला.

आपल्याकडे तर चाचणीही नव्हती

अमेरिकेने निदान प्रश्नपत्रिका तरी दिली. आपल्याकडे साहेबाने तेवढीही तसदी घेतली नाही. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचा सरसेनापती होता. काही जाती जन्मतः लढाऊ आणि बाकीच्या नाहीत, हा 'मार्शल रेस'चा सिद्धांत त्याने भरतीचं धोरण म्हणून रुजवला. कुठलंही मोजमाप नाही. जात, प्रांत आणि साहेबाची नजर.

याचा सर्वांत कडू घोट महाराष्ट्रात प्यावा लागला. १८१८ मध्ये कोरेगावला लढलेल्या, मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेल्या महार समाजाची भरती १८९० च्या दशकात बंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ याच फौजेत सुभेदार होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, महूच्या छावणीतला. म्हणजे ज्या घराने फौजेतून शिक्षण आणि मान मिळवला, त्याच्या पुढच्या पिढीला दार बंद. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

मागे मध्य प्रदेशात पोस्टिंग असताना सागरला काही कामानिमित्त जाणं व्हायचं. महार रेजिमेंटचं केंद्र तिथे आहे. या रेजिमेंटने जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तिथल्या रस्त्यावरून जाताना माझ्या मनात हिशेब यायचा तो मधल्या सुमारे पन्नास वर्षांचा. भरतीच्या रांगेत उभंही राहू न दिलेली ती पोरं किती असतील? त्यांचा आकडा कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही, कारण त्यांना कुणी मोजलंच नाही.

म्हणून चाचण्यांवर सरसकट टीका करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : मोजणी टाळली म्हणजे न्याय होतो असं नाही. मोजणी नसते तेव्हा ओळख, आडनाव आणि उच्चार निवड करतात.

मथुरेत जन्मलेला डॉक्टर

अधिकारी निवडण्यासाठी मानसशास्त्र पद्धतशीरपणे वापरलं ते जर्मनांनी. व्हर्सायच्या तहाने त्यांची फौज एक लाखावर आणली होती, अधिकारी फक्त चार हजार. चुकीचा माणूस घेणं परवडणारं नव्हतं. माक्स सिमोनाइटच्या देखरेखीखाली उमेदवाराला दोन-तीन दिवस ठेवून त्याचं वागणं, बोलणं, हुकूम देणं बघितलं जाई.

ब्रिटिशांकडे तेव्हा वीसेक मिनिटांची मुलाखत होती. शाळा कोणती, वडील काय करतात, खेळता काय. दुसरं महायुद्ध पेटल्यावर असे निवडलेले कितीतरी उमेदवार प्रशिक्षणात नापास होऊ लागले आणि पार्लमेंटात ओरड झाली. बर्लिनमध्ये लष्करी अताशे राहिलेला जनरल अँड्र्यू थॉर्न तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. त्याने एडिंबरोला मानसोपचारतज्ज्ञांना घेऊन प्रयोग सुरू केला आणि १९४२ मध्ये त्यातून 'वॉर ऑफिस सिलेक्शन बोर्ड' उभं राहिलं.

त्या तज्ज्ञांत विल्फ्रेड बायन होता. जन्म १८९७, आपल्या मथुरेतला. पहिल्या महायुद्धात रणगाड्यांवर लढून डीएसओ मिळवलेला. त्याची युक्ती साधी होती : आठ-दहा उमेदवार एकत्र करा, काम द्या, पण नेता नेमू नका आणि मग बघा. स्वतः चमकायचं आणि गटालाही पुढे न्यायचं, या ओढाताणीत माणूस काय करतो ते दिसतं. आज एसएसबीच्या मैदानावर फळी, बल्ली आणि दोरी घेऊन जो गट खटपट करत असतो, त्याच्यामागे हा मथुरेचा डॉक्टर उभा आहे.

१९४३ मध्ये देहरादूनला असंच प्रायोगिक बोर्ड बसलं. स्वातंत्र्यानंतर आपण ती पद्धत टाकली नाही, पुढे नेली. १९४९ मध्ये त्यासाठी मानसशास्त्रीय संशोधनाची वेगळी शाखा निघाली, तीच आज डीआरडीओची डीआयपीआर ही संस्था आहे. एसएसबीत मानसशास्त्रज्ञ, ग्रुप टेस्टिंग ऑफिसर आणि मुलाखत घेणारा अधिकारी आपापलं मत स्वतंत्रपणे बनवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र येतात. मनसा, वाचा, कर्मणा असं याचं वर्णन करतात. तिथे छातीवर चेस्ट नंबर असतो. माझ्या वेळी एका बाजूला जनरलचा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला एसटी ड्रायव्हरचा, आणि मैदानावर दोघांना हाक नंबरानेच होती.

घट्ट ग्रुप, पण टार्गेटवर?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता पद्धत अचूक झाली. तर एक शेवटची गोष्ट ऐका.

१९५५ मध्ये इस्रायलच्या फौजेत डॅनियल कानेमन नावाचा एकवीस वर्षांचा लेफ्टनंट अधिकारी-निवडीचं काम करत होता. ब्रिटिशांकडून घेतलेला नेत्याविना गटाचा तोच प्रयोग : आठ अनोळखी शिपाई, एक ओंडका, एक भिंत. कोण पुढाकार घेतो, कोण रुसतो, कोण हार मानतो, सगळं लख्ख दिसायचं आणि परीक्षक ठामपणे मत लिहायचे. काही महिन्यांनी प्रशिक्षण शाळेतून निकाल आले की यांचे अंदाज आंधळ्या अंदाजापेक्षा जेमतेमच बरे होते. गंमत म्हणजे ते कळल्यावरही दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीपाशी त्यांना तितकीच खात्री वाटत राहिली. खात्री आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला तिथे कळलं. याच माणसाला पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कानेमनने मग मुलाखतीची पद्धत बदलली. सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी आधीच्या आयुष्यातल्या घडलेल्या गोष्टींचे ठरावीक प्रश्न, प्रत्येकाला वेगळे गुण आणि शेवटी बेरीज. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करता का म्हणाले. म्हणून सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटून स्वतःचा अंदाजही द्यायची मुभा त्याने ठेवली. नवे अंदाज आधीपेक्षा बरेच चांगले निघाले, आणि शिस्तीने गुण दिल्यानंतरचा तो डोळे मिटून दिलेला अंदाजही कामाचा ठरला.

रेंजच्या भाषेत सांगायचं तर पाच गोळ्या एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसल्या म्हणजे ग्रुपिंग उत्तम. मानसशास्त्रात त्याला विश्वसनीयता म्हणतात. पण तो ग्रुप बुलवर आहे की शेजारच्या टार्गेटवर, हा प्रश्न वेगळा. त्याचं नाव यथार्थता. चांगल्या चाचणीला दोन्ही लागतात, आणि दुसरी तपासायची तर निवडलेल्या माणसांचं पुढे काय झालं हे वर्षानुवर्षं बघत राहावं लागतं. त्यातही न निवडलेल्यांचं पुढे काय झालं असतं, हे कुणालाच बघता येत नाही. प्रत्येक निवडीत ही आंधळी बाजू राहतेच.

तर, पोरात काही कमी आहे का?

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. चार-पाच दिवसांत, एका विशिष्ट कामासाठी, आजच्या घडीला हा मुलगा तयार दिसतो का, एवढंच बोर्ड विचारतं. तो हुशार आहे का, चांगला आहे का, आयुष्यात काही करेल का, हे प्रश्न बोर्डाने विचारलेले नाहीत. जे विचारलं नाही त्याचं उत्तर निकालात शोधू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला निवड झालेले आणि पुढे नाव काढलेले अधिकारी प्रत्येक युनिटमध्ये सापडतात. खेपांच्या मधल्या काळात ते मोठे झालेले असतात, आणि चाचण्यांना माणूस बदलतो हे धरूनच चालावं लागतं. बिनेला हे शंभर वर्षांपूर्वी माहीत होतं.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. मोजपट्टी एका माणसासमोर धरली, काम स्पष्ट ठेवलं आणि नंतर हिशेब तपासला, तर ती आडनावापेक्षा नक्कीच जास्त न्याय करते. हीच पट्टी एखाद्या जातीवर, प्रांतावर, देशावर ठेवून 'हे लोक असेच' म्हटलं की ती काठी होते. 'अमुक भागातले जवान या कामाला चालत नाहीत' असं वाक्य आजही कधीमधी मेसच्या टेबलावर ऐकू येतं. ते ऐकलं की मी एकच विचारतो : कुठला जवान? नाव सांग, त्याला बोलाव, काम देऊन बघू.

जय हिंद.